दोरीतील ढील : कुत्र्यास सोबत चालविण्याच्या विद्येचा इतिहास

शहरातील एखाद्या उद्यानाच्या फाटकाशी सकाळी थोडा वेळ उभे राहिले असता एक दृश्य हटकून दृष्टीस पडते. कुत्रा पुढे, धनी मागे, मधली दोरी ताणलेली. कुत्र्याला धाप लागलेली आणि धन्याचा खांदा ओढला जात असलेला. धनी हिसका देतो, कुत्रा क्षणभर थबकतो आणि पुन्हा पूर्ववत ओढू लागतो. या नित्याच्या झटापटीकडे आपण कुत्र्याचा हूडपणा किंवा धन्याचा दुबळेपणा म्हणून पाहतो. तिला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वस्तुतः हा इतिहास दीर्घ आहे, आणि त्याचा बराच भाग शब्दांत साठून राहिला आहे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे : दोरी ओढणे हा कुत्र्याचा दोष मानला जाऊ लागला तो अलीकडच्या काळात. त्यापूर्वी हजारो वर्षे शिकारी माणूस दोरी हाती धरी तो कुत्र्याला योग्य क्षणी सोडण्यासाठी, किंवा कुत्रा नेईल तिकडे त्याच्या मागोमाग जाण्यासाठी. तेथे ताण गृहीतच होता. दोरीचे काम बदलले तेव्हा ओढणे हा दोष ठरला. आणि तो घालविण्याच्या विद्येने गेल्या सुमारे शंभर वर्षांत हिसका देण्यापासून ढील देण्यापर्यंत प्रवास केला. (मराठीत ‘पट्टा’ हा शब्द कुत्र्याच्या गळ्यातील वस्तूला आणि माणसाच्या हातातील वस्तूला सरसकट लावला जातो. घोटाळा टाळण्यासाठी येथे पहिल्या वस्तूस ‘गळपट्टा’ व दुसरीस ‘दोरी’ म्हटले आहे.)

१. सोडण्यासाठी धरलेली दोरी

सौदी अरेबियाच्या वायव्य भागातील जुब्बा आणि शुवैमिस येथील खडकांवर शिकारीची अनेक चित्रे कोरलेली आहेत. त्यांत धनुर्धारी माणसे व त्यांच्याभोवती कुत्रे असून काही कुत्र्यांच्या मानेपासून माणसाच्या कमरेपर्यंत रेषा काढलेल्या आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या चित्रांचा काळ सुमारे आठ ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा अंदाज मांडण्यात आला. त्या रेषा म्हणजे प्रत्यक्ष दोऱ्या, की माणूस व कुत्रा यांचा संबंध दर्शविणारी केवळ खूण, याविषयी निर्णय देता येत नाही. परंतु त्या दोऱ्या असतील, तर कुत्र्याला दोरीने बांधल्याचा हा सर्वांत जुना चित्रमय पुरावा ठरतो; आणि लक्षणीय गोष्ट ही की, दोरी कमरेला बांधल्यामुळे शिकाऱ्याचे दोन्ही हात धनुष्यासाठी मोकळे राहतात.

ईजिप्तमध्ये राजांच्या खोऱ्यातील मैहेरप्री याची कबर १८९९ साली व्हिक्टर लोरे याने शोधून काढली. तीत कुत्र्याचे नक्षीदार चामडी गळपट्टे मिळाले व त्यांपैकी एकावर कुत्रीचे नावही लिहिलेले आढळले. निनेव्हे येथील असुरबनिपाल राजाच्या राजवाड्यातील शिल्पपट इ. स. पूर्व सातव्या शतकातील होत; ते आज ब्रिटिश संग्रहालयात आहेत. त्यांत शिकारीस निघालेले सेवक बलदंड कुत्र्यांना दोरीने धरून चाललेले दिसतात. हे कुत्रे सिंह व रानगाढवे यांच्या शिकारीसाठी पाळलेले होते. शांतपणे फेरफटका मारणे हे त्यांचे काम नव्हते.

लिखित साधनांत क्सेनोफोन याच्या नावावर असलेला ‘किनेगेटिकोस’ हा ग्रीक ग्रंथ विशेष महत्त्वाचा आहे. गळपट्टा मऊ व रुंद असावा, म्हणजे कुत्र्याचे केस झिजणार नाहीत. दोरीला हातात धरण्यापुरता फासा असावा. गळपट्टा व दोरी एकाच तुकड्याची करू नये, कारण तशाने कुत्रा नीट ताब्यात राहत नाही, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. पिलांच्या शिक्षणाची रीतही दिली आहे. मादी आठ महिन्यांची व नर दहा महिन्यांचा झाला, की त्यास शिकारीवर न्यावे. आरंभी मोकळे न सोडता लांब दोरीने बांधून, माग काढणाऱ्या जाणत्या कुत्र्यांच्या पाठोपाठ चालवावे. ससा उठला तरी तो दृष्टीआड होईपर्यंत पिलाला सोडू नये. खाणे शिकाऱ्याने स्वहस्ते द्यावे, म्हणजे देणाऱ्याविषयी कुत्र्याच्या ठायी प्रेम उपजते, हेही तेथेच सांगितले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आरियन याने याच विषयावर ग्रंथ लिहिला. कुत्र्याने ससा धरला, की घोड्यावरून उतरून त्याला कुरवाळावे, नावाने हाक मारून शाबासकी द्यावी, असा त्याचा उपदेश आहे. म्हणजे बक्षीस देऊन शिकविणे ही कल्पना प्राचीनांना अपरिचित नव्हती. मात्र त्यांनी बक्षीस दिले ते शिकारीबद्दल. दोरी सैल ठेवून चालल्याबद्दल बक्षीस देण्याचा विचार त्यांच्यापुढे आलाच नाही, कारण त्यांना त्याचे प्रयोजन नव्हते.

आपल्याकडील शब्दही याच अवस्थेची साक्ष देतात. पाणिनीने ‘श्वगण’ म्हणजे कुत्र्यांचा कळप या शब्दापासून ‘श्वगणिक’ हा शब्द साधला आहे. ज्या प्रकरणात हे सूत्र (४.४.११) येते, तेथे ‘चरति’ हा अर्थ अभिप्रेत आहे, म्हणजे श्वगणिक तो, जो कुत्र्यांच्या कळपाच्या साहाय्याने वावरतो. कालिदासाने रघुवंशाच्या नवव्या सर्गात दशरथाच्या मृगयेपूर्वी अरण्यात शिरणारे जे लोक सांगितले आहेत, त्यांत जाळी लावणाऱ्यांबरोबर कुत्रे बाळगणारेही आहेत. कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ मराठी भाषेच्या अभ्यासकांना त्यातील प्राचीन मराठी अवशेषांमुळे सुपरिचित आहे. त्यात ‘सारमेयविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. या सर्व ठिकाणी कुत्रा येतो तो मृगयेच्या वा राजविनोदाच्या संदर्भात. माणसाच्या पायाशी संथपणे चालणारा कुत्रा हा या वाङ्मयाचा विषय नव्हे.

२. एका दोरीचे दोन शब्द

मध्ययुगीन युरोपात शिकार ही एक शास्त्रशुद्ध कला बनली आणि तीत दोरीची दोन कामे स्पष्टपणे वेगळी झाली. इंग्रजी व फ्रेंच भाषांनी या दोन कामांसाठी दोन शब्द जपले आहेत.

पहिला शब्द आजचा ‘लीश’. तो जुन्या फ्रेंच ‘लेस’ या शब्दावरून इंग्रजीत आला, आणि त्याचे मूळ ‘सोडणे, सैल करणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात, व त्याही मागे लॅटिनमधील ‘लाक्सुस’ म्हणजे ‘सैल’ या विशेषणात आहे. बांधण्याच्या साधनाला सैलपणावरून नाव मिळावे, हे वरवर पाहता विचित्र वाटते. परंतु शिकाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, की विचित्रपणा उरत नाही. वेगवान कुत्र्याला हरिण किंवा ससा दृष्टीस पडेपर्यंत धरून ठेवावयाचे आणि नेमक्या क्षणी सोडावयाचे, हेच त्या दोरीचे काम होते. ज्या क्षणासाठी ती धरली जाई, त्याचेच नाव तिला लाभले.

दुसरा शब्द ‘लायमर’. हा माग काढणाऱ्या कुत्र्याचा एक वर्ग. याचे मूळ ‘बंध’ या अर्थाच्या लॅटिन ‘लिगामेन’ शब्दापासून आलेल्या फ्रेंच दोरीवाचक शब्दात आहे. म्हणजे हा कुत्रा दोरीवरूनच ओळखला जाई. पहाटे शिकारी याला लांब दोरीने धरून अरण्यात नेई. कुत्रा न भुंकता वासावर पुढे सरके आणि हरणाचे विश्रांतिस्थान दाखवी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्वा प्रांताचा सरदार गास्तों फेबुस याने लिहविलेल्या मृगयाग्रंथाच्या सचित्र प्रतींत असा दोरीवरचा कुत्रा व त्याच्या मागे चालणारा माणूस आढळतो.

या दोन्ही ठिकाणी दोरी ताणलेली असणे स्वाभाविक होते. पहिल्या प्रकारात ताण म्हणजे कुत्र्याच्या उत्साहाचे माप. दुसऱ्या प्रकारात ताण म्हणजे माणसाला मिळणारी बातमी. कुत्रा कोठे व किती जोराने ओढतो, यावरून शिकाऱ्याला सावजाचा अंदाज येई. लायमरला ओढू न देणे म्हणजे त्याला मुका करण्यासारखेच होते. आज उद्यानाच्या फाटकाशी जे कुत्रे धन्याला ओढताना दिसतात, त्यांपैकी अनेकांच्या जाती पिढ्यानपिढ्या अशाच कामासाठी निपजविल्या गेल्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

३. ओढणे दोष कसे ठरले

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरे वाढली आणि शिकारीशी संबंध नसलेल्या मध्यमवर्गाच्या घरांत कुत्रा आला. १८५९ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. १८७३ साली लंडन येथे केनेल क्लब स्थापन झाला. प्रदर्शनाच्या रिंगणात कुत्र्याला दोरीने धरून परीक्षकापुढून चालवावे लागते. शहरातील रस्त्यावर गाड्या, घोडे व अनोळखी माणसे यांमधून त्याला सुखरूप न्यावे लागते. या दोन्ही ठिकाणी कुत्र्याला सोडावयाचे नसते आणि त्याच्या मागेही जावयाचे नसते. दोरी तीच राहिली, परंतु तिच्या दोन्ही टोकांच्या अपेक्षा बदलल्या. कुत्र्याला मात्र हा बदल कोणी समजावून सांगितला नव्हता.

तो समजावून सांगण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रथम पोलीस व लष्कर यांच्या कुत्र्यांच्या बाबतीत झाला. कॉनराड मोस्ट हा जर्मन अधिकारी १९०६ पासून सारब्रुकेन येथे पोलिसी कामासाठी कुत्रे तयार करीत असे. १९१० साली त्याचा कुत्र्यांच्या शिक्षणावरील जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९५४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. कुत्र्याला माणसाची भाषा व नीती कळते, हा समज मोस्टने निक्षून नाकारला. कुत्रा शिकतो तो कृती व तिचा तात्काळ परिणाम यांच्या साहचर्याने, हे त्याचे सूत्र होते. कुत्रा जागा सोडताच दोरीचा हिसका आणि जागेवर येताच कुरवाळणे, अशी त्याची रीत होती. तिच्यात दांडगाई होती, काट्यांच्या गळपट्ट्याचा उपयोग होता. पण कुत्र्यावर नैतिक दोषारोप करण्याचे तिने सोडून दिले होते, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे.

अमेरिकेत हेलेन व्हाइटहाउस वॉकर या पूडल जातीचे कुत्रे पाळणाऱ्या बाईंनी १९३३ साली न्यूयॉर्क राज्यातील माउंट किस्को येथे आज्ञापालनाची पहिली चाचणी भरविली. तीत आठ कुत्रे उतरले होते. १९३६ साली अमेरिकन केनेल क्लबने या स्पर्धांना मान्यता दिली, आणि पुढच्या वर्षी वॉकरबाई व त्यांच्या सहकारी ब्लांश साँडर्स यांनी मोटारीस फिरते घर जोडून देशभर प्रात्यक्षिके केली. कुत्र्याने माणसाच्या डाव्या पायाशी चालणे हा या चाचण्यांचा पाया होता. तेथे दोरी ताणली जाणे हा गुण कापण्याचा विषय झाला. आजच्या नियमांतही तो तसाच आहे. शिकारीत जे माप होते, ते स्पर्धेत उणेपण ठरले.

१९६२ साली विल्यम कोहलर याचा गाजलेला ग्रंथ आला. त्याच्या पद्धतीत सुमारे पंधरा फुटांची दोरी वापरीत. शिकविणाऱ्याने कुत्र्याशी न बोलता, त्याच्याकडे न पाहता, ठरविलेल्या बिंदूकडे चालत जावयाचे. कुत्रा भलतीकडे धावला, की सारी ढील त्याला देऊन आपण विरुद्ध दिशेने निघून जावयाचे. ढील संपताच कुत्र्याला आपल्याच वेगाचा हिसका बसे. काही दिवसांत तो माणसावर नजर ठेवून चालू लागे. येथे ढील प्रथमच शिक्षणाचे साधन झाली, परंतु ती शिक्षेची पूर्वतयारी म्हणून. कुत्रा माणसाकडे पाही, तो अंदाज चुकण्याच्या भीतीने. अशा हिसक्यांची किंमत मान देते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात, गळपट्ट्यावर ओढ बसली असता कुत्र्याच्या डोळ्यातील दाब वाढतो आणि छातीवरच्या बंधाने तो तसा वाढत नाही, असे आढळले. प्रश्न केवळ रीतीभातीचा नाही. तो त्या प्राण्याच्या शरीराचाही आहे.

४. प्रयोगशाळेतून रस्त्यावर

दरम्यान प्रयोगशाळांत निराळ्याच दिशेने विचार चालला होता. १८९८ साली थॉर्नडाइकने पिंजऱ्यातून सुटू पाहणाऱ्या मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या कृतीने समाधान लाभते ती पुन्हा पुन्हा घडते, हा नियम त्यातून पुढे आला. दोरीच्या प्रश्नाला तो लावून पाहावा. कुत्रा ओढतो, माणूस मागोमाग जातो, कुत्रा हव्या त्या झाडाशी पोहोचतो. म्हणजे ओढण्याचे बक्षीस कुत्र्याला प्रत्येक पावलाला मिळते, आणि ते देणारा धनीच असतो. ज्याला आपण हट्ट म्हणतो तो पुष्कळदा आपणच दिलेला धडा असतो.

पावलोव्हच्या व्याख्यानांत एका कुत्र्याची हकीकत आहे. प्रयोगाच्या चौकटीत बांधून ठेवलेले त्याला सहन होत नसे. तो धडपडे, लाळ गाळी, शांत होत नसे. पावलोव्हने या वृत्तीस ‘स्वातंत्र्याचा प्रतिक्षेप’ असे नाव दिले. शेवटी त्याला अन्न केवळ त्या चौकटीतच देण्याचा उपाय योजण्यात आला. तो प्रथम नीट खाईना, त्याचे वजन उतरले. परंतु पुढे हळूहळू तो तेथे स्वस्थ राहू लागला. बंधनाचा विरोध अन्नाने शमतो, हे येथे दिसले; मात्र ज्याची भूकच ओलीस धरली, त्याची स्वस्थता ही संमती मानावी काय, हा प्रश्नही येथेच उभा राहतो.

१९५१ साली स्किनरने एका लोकप्रिय विज्ञान मासिकात प्राण्यांना कसे शिकवावे यावर लेख लिहिला. खेळण्यातील टिकटिक वाजणाऱ्या साधनाचा आवाज अन्नाशी जोडून द्यावा, म्हणजे इष्ट कृतीच्या नेमक्या क्षणी तो वाजवून कुत्र्याला ‘हेच बरोबर’ असे कळविता येते, ही त्यातील कल्पना. स्किनरचे शिष्य केलर व मेरियन ब्रेलँड यांनी अशाच तत्त्वांवर प्राणी शिकविण्याचा व्यवसाय चालविला. हवाई येथे १९६३ पासून डॉल्फिन शिकविणाऱ्या कॅरन प्रायर यांच्या हाती तर दुसरा मार्गच नव्हता. डॉल्फिनला गळपट्टा घालता येत नाही. तो रागावला तर पोहत निघून जातो. प्रायर यांचे १९८४ सालचे पुस्तक व पुढील दशकातील प्रचार यांमुळे ही रीत कुत्रे पाळणाऱ्यांत पसरली. ज्या प्राण्याला दोरी बांधताच येत नाही, त्याच्याकडून माणूस दोरी सैल ठेवण्यास शिकला.

आज जी पद्धत शिकविली जाते ती थोडक्यात अशी. दोरी ताणली गेली, की माणसाने जागीच थांबावे. हिसका देऊ नये. कुत्र्याने वळून पाहिले किंवा एक पाऊल मागे घेतले व दोरी सैल झाली, की लगेच शाबासकी देऊन पुढे चालावे. कुत्रा पायाशी असेल तेव्हा तेथेच, पायाजवळ, खाऊ द्यावा. आरंभी जागा शांत व फेरी अल्प असावी. घरातील सर्वांनी एकच नियम पाळावा. कारण दहा वेळा थांबून अकराव्या वेळी ओढीसरशी पुढे गेले, तर कुत्रा चिकाटी शिकतो.

तथापि खाऊने सारे साधते असे नाही. ब्रेलँड दांपत्यानेच १९६१ साली एका लेखात कबूल केले, की शिकविलेले प्राणी कालांतराने आपल्या उपजत वृत्तीकडे घसरतात. कुत्र्याच्या नाकापुढे रस्त्याचा कोपरा न् कोपरा उघडा पडलेला असतो; मुठीतील तुकडा त्याच्याशी नेहमीच बरोबरी करू शकत नाही. यावरील उत्तर डेव्हिड प्रेमॅकने १९५९ साली मांडलेल्या तत्त्वात सापडते. प्राण्याला जी कृती अधिक प्रिय असते, तीच कमी प्रिय कृतीचे बक्षीस होऊ शकते. म्हणजे दोरी सैल ठेवून चार पावले चालल्याबद्दल कुत्र्याला त्या झाडाशी जाऊन मनसोक्त हुंगू द्यावे. ज्याच्याकडे तो ओढत होता, तेच त्याचे वेतन.

५. तीन परिभाषा आणि मराठी

या शतकभराच्या वाटचालीतील तीन पारिभाषिक शब्द एकापुढे एक मांडले, तर विचारातील बदल स्पष्ट होतो. जर्मन परंपरेतील ‘लाइनेनफ्यूरिशकाइट’ याचा अर्थ दोरीने नेता येण्याजोगे असणे. हा कुत्र्याच्या अंगचा गुण आहे, आणि नेणारा दुसराच कोणी आहे. इंग्रजी स्पर्धांतील ‘हील’ म्हणजे टाच. येथे कुत्र्यासाठी एक जागा नेमून दिली आहे. आज रूढ असलेला ‘लूज-लीश वॉकिंग’ म्हणजे सैल दोरीने चालणे. यात दोरीच्या स्थितीचे वर्णन आहे. सैलपणा कुत्र्याच्या एकट्याच्या अंगी नसतो, माणसाच्याही नसतो. दोघांपैकी कोणीही एकाने ओढले की तो नाहीसा होतो. सोडण्यावरून नाव मिळालेल्या ‘लीश’ शब्दापुढे सैलपणाचे विशेषण पुन्हा जोडावे लागले, यावरून मूळचा अर्थ किती पुसला गेला होता, हे कळते.

मराठीत बंधनाच्या साधनांचे शब्द विपुल आहेत : दावे, कासरा, वेसण, मोरकी, लगाम. हे सारे गुरे व घोडे यांच्यासाठी, शेतीच्या व प्रवासाच्या गरजेतून घडले. १९८० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठातील पशुवैद्य आर. के. अँडरसन यांनी रूथ फॉस्टर यांच्यासह कुत्र्याच्या तोंडावरून घालण्याचा जो बंध तयार केला, तो आपल्या शेतकऱ्याला मोरकीचा भाऊबंद म्हणून सहज ओळखता येईल. कुत्र्यासाठी मात्र आपण ‘साखळी’ व ‘पट्टा’ एवढ्यावर भागविले, आणि दोरी न ओढता सोबत चालण्याच्या क्रियेला नावच दिले नाही. गुराच्या बाबतीत ‘ओढाळ’ हा शब्द आहे. त्यावर उपाय म्हणून गळ्यात अडकविण्याचे ‘लोढणे’ही आहे. हिसका देणारा आजचा धनी नकळत याच लोढण्याच्या परंपरेत वागत असतो.

पण त्याच धातूवरून आलेला ‘ओढ’ हा शब्द मराठीत दुहेरी आहे. दोरीवर पडणारा जोर ती ओढ, आणि घराची, माणसांची, मातीची लागते तीही ओढ. कुत्र्याच्या बाबतीत हे दोन अर्थ वेगळे करताच येत नाहीत : दोरीवर जी ओढ जाणवते ती त्याच्या मनातील ओढच होय. मोस्टपासून कोहलरपर्यंतच्या शिक्षकांनी पहिल्या अर्थाची ओढ मोडण्याचा यत्न केला. नंतरच्यांनी दुसऱ्या अर्थाची ओढ ओळखली व तिलाच शिक्षणाच्या कामी लावले. आपल्या भाषेने दोन्ही एकाच शब्दात ठेवल्या असल्याने, हा बदल मराठी वाचकाला समजावून देणे वस्तुतः सोपे आहे.

परिभाषेचा विचार करणाऱ्यांपुढे म्हणून एक सूचना ठेवावीशी वाटते. या क्रियेस ‘आज्ञेत चालणे’ किंवा ‘पायाशी चालणे’ असे न म्हणता ‘सैल दोरीने चालणे’ असेच म्हणावे, आणि शिकविणाऱ्याच्या कामास ‘ढील देणे’ म्हणावे. पतंग उडविणाऱ्या मुलाला हा शब्द ठाऊक आहे. ढील दिल्याने पतंग हातचा जात नाही, हेही त्याला ठाऊक असते. कुत्र्याची दोरी हाती धरणाऱ्याला तेवढे कळले, तरी त्या मुक्या प्राण्याच्या मानेवरील बराचसा भार उतरेल.